घरापर्यंतची तार

सध्या मुक्काम अंदमानात. इथून गावाकडे व्हिडिओ कॉल लावणाऱ्या तरुण जवानांना त्यात काही विशेष वाटत नाही. आम्ही खडकवासल्याला कॅडेट होतो तेव्हा घराशी संबंध म्हणजे अंतर्देशीय पत्र आणि एसटीडी बूथची रांग. मधल्या काळात घराच्या उंबऱ्यासाठी तंत्रज्ञानांची जी चढाओढ झाली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. साधन होतं टेलिफोनची तार आणि मोडेम. नेट चालू असेपर्यंत फोन बंद.

पुढे तीन दावेदार आले. पहिला डीएसएल. त्याच तांब्याच्या तारेवर फोन आणि नेट एकत्र चालायचे, पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर दम संपायचा. दुसरा केबलवाला. तार घरोघरी होती, पण ती चित्र घरात आणण्यापुरती. उलट दिशेने माहिती पाठवायची तर वाटेतले अॅम्प्लिफायर बदलावे लागत, आणि गल्लीतल्या केबलवाल्याकडे तेवढं भांडवल नव्हतं. तिसरा आयआयटी मद्रासमधला. प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने कॉरडेक्ट ही बिनतारी यंत्रणा उभी केली. तांबं न पुरता खेड्यात फोन आणि ३५ ते ७० किलोबिटचं नेट. विचार अस्सल देशी होता, पण वेगाची भूक त्याच्यापुढे निघून गेली.

२००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं. जमिनीतली बहुतेक तार सरकारी कंपन्यांची होती. ती इतरांनाही वापरू द्यावी, अशी ‘ट्राय’ची शिफारस होती. सरकारने तशी सक्ती केली नाही. माझ्या मते इथेच संधी हुकली. शहरात डीएसएल जिंकलं आणि एक्स्चेंजपासून लांबची वस्ती, जिथून आपले बहुतेक जवान येतात, ती कोरडी राहिली. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. पण पंचायतीपासून घरापर्यंतचा प्रश्न उरलाच. तो मोठ्या प्रमाणावर सोडवला मोबाइलने, विशेषतः सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर.

अंदमानची गोष्ट वेगळी. इथे भिस्त उपग्रहावर होती. तो ३६,००० किलोमीटर उंच. प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागायचा, आणि क्षमता तोकडी. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्री केबल सुरू झाली, तेव्हा बेटं खऱ्या अर्थाने जोडली गेली.

म्हणून उपग्रह मोडीत काढावा का? मुळीच नाही. समुद्रातली केबल तुटली तर दुरुस्तीसाठी जहाज यावं लागतं. रसदीचा एकच मार्ग ठेवू नये, हे फौजेत पहिल्या वर्षी शिकवतात. सीमेवरच्या आणि बेटांवरच्या घरांनाही तोच नियम लागू आहे.

तुमच्या गावात पहिली तार कोणती आली, जरूर कळवा. जय हिंद.