तळटीप : दौलताबादी कागद

१. दौलताबादी कागद : दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होणारा हातकागद. चिंध्या आणि तागाचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटत, धूत. तो लगदा हौदात ढवळून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलत. ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवत, खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. खळीमुळे शाई फुटत नसे, घोटल्याने बोरू अडखळत नसे. ताव एकावर एक चिकटवले की पुठ्ठा होई. आजही कागद आणि कार्ड यांतला मुख्य फरक जाडीचा व वजनाचाच : लिहिण्याचा कागद चौरस मीटरला ७०–८० ग्रॅम, कार्ड साधारण २०० ग्रॅमच्या पुढे. तुरटी-राळेची खळ असलेला गिरणीचा जुना कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो; अशा कागदावरचे दप्तर वाचकांनी घड्यांवर दाब न देता उलगडावे. —संपा.