दिनविशेष : २५ जानेवारी – 'फ्रंट २४२'चा निरोप

बेल्जियमच्या 'फ्रंट २४२' या बँडने २०२५ मध्ये आजच्याच दिवशी ब्रुसेल्सच्या 'आन्सियेन बेल्जिक' सभागृहात शेवटचा कार्यक्रम केला. १९८१ मध्ये डॅनिएल ब्रेसानुती आणि डर्क बर्गन यांनी हा बँड सुरू केला. पुढच्याच वर्षी पॅट्रिक कोडेनिस आणि गायक जाँ-लुक डे मेयर येऊन मिळाले.

गिटारऐवजी सिंथेसायझर, कारखान्यातल्या घणासारखा ठोका आणि हुकूम सोडल्यागत गायन, ही त्यांची ओळख. 'इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक' हे नाव त्यांनी १९८४ च्या 'नो कमेंट' या अल्बमच्या वेळी स्वतःच्या संगीताला दिले आणि पुढे तो एक स्वतंत्र प्रकारच झाला.

१९८८ चे 'हेडहंटर' हे गाणे म्हणजे त्यांचा कळस. डच छायाचित्रकार अँटन कॉर्बाइनने त्याचा कृष्णधवल व्हिडिओ केला. त्यात जिकडेतिकडे अंडी दिसतात! कॉर्बाइनने 'हेड'ऐवजी 'एग' ऐकले, असा किस्सा सांगितला जातो. गाणे मात्र आजही नाचायला भाग पाडते.

१९९१ चा 'टिरनी फॉर यू' हा अल्बम बड्या कंपनीकडून आला. १९९३ मध्ये एकाच वर्षात दोन अल्बम निघाले, पण तोवर टेक्नो संगीताने नाचघरे काबीज केली होती आणि रॉकचा श्रोता 'नाइन इंच नेल्स' या बँडकडे वळला होता. ज्यांनी वाट पाडली, तेच मागे पडले.

२००३ च्या 'पल्स'नंतर त्यांचा नवा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. उरले ते मंचावरचे कार्यक्रम. तेही याच तारखेला थांबले.