फुलावर आलेला कायदा

१/ घरी बिअर करणारा तयार माल्ट-अर्क सोडून धान्याकडे वळतो, तेव्हा कच्चा माल त्याच्या हाती येतो. निडी ज्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात होती, तेथे इतिहास उलट दिशेने गेला.

२/ कातकरी मोहाची फुले सुकवून, आंबवून दारू गाळीत. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारी पकड घट्ट केली; पण फुले रानातच पडत होती.

३/ म्हणून १८९२चा मोह कायदा आला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत आता फुलांवरच निर्बंध! ती गरिबांचे अन्न आणि गुरांचा चाराही होती, हा आक्षेप बाजूला पडला.

४/ भट्टी लपवता येते, मोहाचे झाड नाही. सत्तेने ते नेमके ओळखले.