होतकरूंचें मोल

एखाद्या गवयाचें मोल त्याच्या मैफलींवरून ठरतें आणि वकिलाचें त्यानें जिंकलेल्या दाव्यांवरून. परंतु ज्यानें अद्याप एकही मैफल गाजविली नाहीं, अशा शिष्याचें मोल कोणीं व कसें ठरवावें? अमेरिकेंतील बेसबॉलच्या धंद्यापुढें हा प्रश्न दर वर्षीं उभा राहतो. सतरा-अठरा वर्षांचा एखादा मुलगा शाळेच्या मैदानावर असा चेंडू फेंकतो कीं, पाहणाऱ्यानें तोंडांत बोट घालावें. मोठमोठ्या संघांचे पारखी अशा मुलांच्या शोधांत गांवोगांव हिंडतात, आणि मुलानें धंदेवाईक खेळाडू होण्याच्या करारावर सही करावी म्हणून त्याच्यापुढें एक रक्कम ठेवली जाते. या एकरकमी पैशाला तेथें बोनस म्हणतात. हा सौदा उभ्या पिकाचा नव्हे, तर पेरणीच्या वेळचा. पीक हातीं लागेल कीं नाहीं हें विकणाऱ्यास ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यासही नसतें. या सौद्यावर ताबा कोणाचा असावा याविषयीं तेथें जी झटापट चालत आली, तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या झटापटीचें मूळ एका जुन्या ठरावांत आहे. १८७९ सालीं नॅशनल लीगच्या मालकांनीं प्रत्येक संघाचे कांहीं खेळाडू राखून ठेवण्याचें आपसांत ठरविलें. पुढें हाच ठराव सर्व खेळाडूंच्या करारांत कलम म्हणून शिरला. एकदां सही झाली कीं, संघानें सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जातां येईना. १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, मक्तेदारीविरुद्धचा कायदा बेसबॉलला लागू होत नाहीं. त्यामुळें मालकांची पकड अधिकच घट्ट झाली. खेळाडूच्या साऱ्या आयुष्यांत स्वातंत्र्याचा असा एकच क्षण उरला. तो म्हणजे पहिल्या सहीच्या आधींचा. त्या क्षणीं तो कोणाचाच नसे, आणि म्हणूनच सर्वांना हवा असे.

पुष्कळांना या क्षणाचें मोल कळत नसे. १९३५ सालीं आयोवा प्रांतांतील एका शेतकऱ्याच्या मुलाला क्लीव्हलंड संघानें करारबद्ध केलें, तें एक डॉलर आणि खेळाडूंच्या सह्या असलेला एक चेंडू देऊन. तो मुलगा म्हणजे पुढें विख्यात झालेला बॉब फेलर. परंतु हें अज्ञान फार काळ टिकलें नाहीं. १९४१ सालीं डेट्रॉइट संघानें डिक वेकफील्ड या मिशिगन विद्यापीठांतील तरुणाला ५२ हजार डॉलर व वर एक मोटार दिली. ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ उद्यांचे खेळाडू, असा हिशेब दिसूं लागला आणि गरीब संघांचे मालक अस्वस्थ झाले.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं मालकांनीं पहिला बोनसचा नियम केला. तो १९५० सालीं मागें घेण्यांत आला. पण १९५२ च्या अखेरीस तो अधिक कडक रूपानें परत आणण्यांत आला. ज्या नवख्याला ४ हजार डॉलरांहून अधिक बोनस मिळेल, त्याला दोन वर्षें मुख्य संघांतच ठेवावें लागेल, असें या नियमाचें स्वरूप होतें. हेतु असा कीं, कच्चा मुलगा मुख्य संघांत अडगळ होऊन बसेल, आणि या भीतीनें श्रीमंत मालक हात आखडता घेतील.

या नियमाची खरी झळ लागली ती मुलांनाच. ब्रुकलिनमधील सँडी कूफॅक्स यानें १९५४ च्या डिसेंबरांत आपल्याच शहराच्या डॉजर्स संघाशीं करार केला. त्याला बोनस मिळाला १४ हजार डॉलरांचा. लहान लीगमध्यें खेळून हात तयार करावयाचा, तो काळ त्याला मुख्य संघाच्या बांकावर बसून काढावा लागला. त्याला जागा करून देण्यासाठीं टॉमी लासोर्डा नांवाच्या दुसऱ्या डावखुऱ्या गोलंदाजाला लहान लीगमध्यें धाडण्यांत आलें. कूफॅक्सचा हात पुढें असा तयार झाला कीं, १९७२ सालीं त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. आणि लासोर्डानेंही त्याच डॉजर्सचा व्यवस्थापक म्हणून नांव कमावलें. परंतु सर्वांच्याच नशिबीं असें पुनरुत्थान नव्हतें. कित्येक मुलांची उमेद बांकावरच विझली. १९५७ च्या अखेरीस मालकांनीं हा नियमही रद्द केला.

बंधन सुटतांच भाव पुन्हां वर चढले. १९६४ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांतील रिक रायकार्ट याला लॉस एंजल्सच्या एंजल्स संघानें सुमारे २ लाख डॉलर दिले. ज्यानें मोठ्या लीगमध्यें एकदांही बॅट हातीं धरली नव्हती, त्याला नांवाजलेल्या खेळाडूंच्या वर्षाच्या पगारापेक्षां अधिक रक्कम मिळाली. मालकांच्या सहनशक्तीचा हा अंत होता.

त्यावर काढलेला उपाय नवा नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्यें १९३६ पासून नवख्यांची क्रमवार निवड होत असे, तीच पद्धति बेसबॉलनें उचलली. ८ जून १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलांत संघांचे प्रतिनिधि जमले आणि पहिला ड्राफ्ट झाला. मागील हंगामांत जो संघ तळाशीं, त्याला निवडीचा मान आधीं. ज्याचें नांव ज्या संघानें उच्चारलें, त्याच्याशीं बोलणें करण्याचा हक्क त्याच संघाचा. मुंबईंत २००८ सालीं आयपीएलचा पहिला लिलाव झाला, तेव्हां क्रिकेटपटूंच्या किंमती चढत्या बोलीनें ठरल्या. बेसबॉलची निवड याच्या नेमकी उलट आहे. येथें खेळाडूपुढें एकच गिऱ्हाईक उभें असतें, आणि तें नको असेल तर घरीं बसणें किंवा विद्यापीठाची वाट धरणें एवढाच मार्ग उरतो.

या पद्धतीचा परिणाम तत्काळ दिसला. कॅन्सस सिटीनें सर्वप्रथम निवडलेल्या रिक मंडे याला सुमारे १ लाख डॉलर मिळाले; म्हणजे रायकार्टच्या रकमेच्या जवळजवळ निम्मे. त्याच ड्राफ्टमध्यें डॉजर्सनीं दहाव्या फेरींत टॉम सीव्हर नांवाच्या विद्यार्थ्याला निवडलें. पण त्यानें मागितलेली रक्कम त्यांना जड वाटली व करार झाला नाहीं. १९६६ सालीं अटलांटा संघानें त्याच्याशीं करार केला, तो बेसबॉलचे कमिशनर विल्यम एकर्ट यांनीं रद्द ठरविला. कारण सीव्हरच्या विद्यापीठाचा हंगाम तोंवर सुरू झाला होता. इकडे धंदेवाईक करारावर सही केल्यामुळें विद्यापीठाच्या संघाचें दारही त्याला बंद झालें. शेवटीं अटलांटाइतकी रक्कम देण्यास तयार असलेल्या तीन संघांचीं नांवें टोपींत घालून चिठ्ठी काढण्यांत आली, आणि ती न्यूयॉर्क मेट्सची निघाली. तीनच वर्षांनीं, १९६९ सालीं, मेट्स जगज्जेते झाले आणि त्यांचा पहिल्या प्रतीचा गोलंदाज होता हाच सीव्हर. एका चिठ्ठीनें एका शहराचें भाग्य उजळलें.

१९७५ च्या अखेरीस एका लवादाच्या निर्णयानें जुन्या राखीव कलमाची सत्ता मोडली आणि मुरलेल्या खेळाडूंना काहीं वर्षांच्या सेवेनंतर खुला बाजार मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. नवख्यांना मात्र तो मिळाला नाहीं. तरीही मुलांचे सल्लागार अधिक धीट होत गेले आणि बोनस फुगत चालले. १९९१ सालीं न्यूयॉर्क यांकीज संघानें ब्रायन टेलर या शाळकरी गोलंदाजाला १५ लाख ५० हजार डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरांत एका मारामारींत त्याचा खांदा दुखावला, आणि मोठ्या लीगमध्यें एकही चेंडू न टाकतां त्याची कारकीर्द संपली.

खुल्या बाजारांत या मुलांची किंमत काय झाली असती, याचा पुरावा १९९६ सालीं अकस्मात् मिळाला. निवडीनंतर पंधरा दिवसांच्या आंत लेखी करार पुढें ठेवावा, असा एक नियम होता. कांहीं संघांच्या कचेऱ्यांनीं त्याकडे दुर्लक्ष केलें, आणि त्यामुळें चार खेळाडू मुक्त झाले. त्यांपैकीं ट्रॅव्हिस ली याला १ कोटि डॉलर मिळाले आणि मॅट व्हाइट याला १ कोटि २ लाख. त्याच वर्षीं सर्वप्रथम निवडला गेलेला क्रिस बेन्सन मात्र नियमांत सांपडला होता. त्याला मिळाले २० लाख. एकाच वर्षींचीं हीं मुलें. एकीकडे एक गिऱ्हाईक आणि दुसरीकडे अनेक, एवढाच काय तो फरक. परंतु मालकांनाही आपल्या बाजूचा पुरावा मिळाला. व्हाइट मोठ्या लीगपर्यंत कधींच पोहोंचला नाहीं.

अखेर २०११ च्या नोव्हेंबरांत मालक व खेळाडूंची संघटना यांच्यांत जो करार झाला, त्यानें या खर्चाला कायमचें कुंपण घातलें. पहिल्या दहा फेऱ्यांतील प्रत्येक क्रमांकाला एक भाव ठरवून देण्यांत आला. एका संघाच्या वांट्याला आलेल्या क्रमांकांच्या भावांची बेरीज म्हणजे त्या संघाचा वर्षाचा बोनसनिधि. निधीच्या वर पांच टक्क्यांपर्यंत खर्च झाला तर जादा रकमेवर ७५ टक्के कर. त्यापुढें गेल्यास कराबरोबर पुढील वर्षाची पहिल्या फेरींतील निवडही गमवावी लागे. आणि पंधरा टक्क्यांच्या पुढें गेल्यास पहिल्या फेरींतील दोन निवडी. हा दुसरा दंड एवढा जबर ठरला कीं, २०१२ ते २०२३ या काळांत एकाही संघानें पांच टक्क्यांची रेषा ओलांडली नाहीं. ज्या मुलांच्या पैशाचें हें वांटप ठरलें, त्यांचा मात्र कोणीही प्रतिनिधि वाटाघाटींत नव्हता. कारण निवड होण्यापूर्वीं तीं मुलें संघटनेचीं सभासदच नव्हतीं.

या पद्धतींत दोन बारकावे आहेत. एका क्रमांकावर वांचविलेला पैसा दुसऱ्या क्रमांकावर खर्चतां येतो, हा पहिला. पण निवडलेल्या खेळाडूनें सहीच केली नाहीं, तर त्याच्या क्रमांकाचा सगळा भाव निधींतून वजा होतो, हा दुसरा. त्यामुळें ड्राफ्टनंतरचे आठवडे संघांच्या कचेऱ्यांत अंदाजपत्रकाच्या दिवसांसारखे जातात. कोणाची सही झाली, किती कमी पडले, किती उरले, हें रोज मांडावें लागतें. विद्यापीठाचीं चारही वर्षें पुरीं झालेल्या खेळाडूंना मागें वळण्यास जागा नसते. म्हणून त्यांना सहाव्या ते दहाव्या फेरींत निवडून अवघ्या कांहीं हजारांवर त्यांची बोळवण करावयाची आणि उरलेले पैसे दुसऱ्या कोणा हट्टी मुलासाठीं राखावयाचे, ही युक्ति सर्रास चालूं लागली.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघानें हें गणित पहिल्याच वर्षीं अचूक सोडविलें. २०१२ सालीं पहिल्या क्रमांकाचा भाव ७२ लाख डॉलर होता. त्यांनीं पोर्टो रिकोचा कार्लोस कोरेआ निवडला व त्याच्याशीं ४८ लाखांवर सौदा केला. वांचलेल्या २४ लाखांतून त्यांनीं लान्स मॅककलर्स या गोलंदाजाला, त्याच्या क्रमांकाचा भाव सुमारे साडेबारा लाख असतां, २५ लाख दिले. २०१७ सालीं अ‍ॅस्ट्रोज जगज्जेते झाले, तेव्हां हे दोघेही संघांत होते. त्या विजयाला पुढें प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्याचा डाग लागला, ती कथा वेगळी.

परंतु तेंच गणित दोन वर्षांनीं त्यांच्यावर उलटलें. २०१४ सालीं पहिल्या क्रमांकाचा भाव ७९ लाख २२ हजार डॉलर होता. अ‍ॅस्ट्रोजनीं सॅन दिएगोचा डावखुरा शाळकरी गोलंदाज ब्रेडी एकेन निवडला. ६५ लाखांवर बोलणें ठरलें. उरणाऱ्या पैशाच्या भरंवशावर पांचव्या फेरींतील जेकब निक्स याला १५ लाखांचा शब्द देण्यांत आला. नंतर वैद्यकीय तपासणींत एकेनच्या कोपरांतील अस्थिबंधाविषयीं शंका निघाली. संघानें देऊं केलेली रक्कम सुमारे ३१ लाख ७० हजारांवर आली. हा आंकडा सहज सुचलेला नव्हता. भावाच्या ४० टक्के इतकें देऊं केलें, तरच सही न झाल्यास पुढील वर्षीं बदली निवड मिळे, असा नियम होता. मुदत संपतां संपतां ती ५० लाखांपर्यंत वाढली. पण विश्वास उडाला होता. १८ जुलै २०१४ रोजीं मुदत संपली, आणि एकेनची सही झाली नाहीं.

त्याबरोबर ७९ लाख निधींतून नाहींसे झाले आणि निक्सचे १५ लाखही गेले. ते दिले असते, तर संघाला पुढल्या निवडी गमवाव्या लागल्या असत्या. निक्सच्या हाताविषयीं कोणालाही शंका नव्हती. दुसऱ्याच्या कोपरांतील दोषानें त्याच्या ताटांतील घांस गेला. संघटनेनें त्याच्या वतीनें तक्रार केली व ती आपसांत मिटविण्यांत आली. त्यानें २०१५ सालीं सॅन दिएगो संघाशीं करार केला, तो ९ लाखांवर. आणि २०१८ सालीं तो मोठ्या लीगमध्यें खेळला. एकेनच्या कोपरावर २०१५ च्या मार्चमध्यें शस्त्रक्रिया करावी लागली. क्लीव्हलंडनें त्याला त्या वर्षीं सतराव्या क्रमांकावर निवडून सुमारे २५ लाख दिले. पण मोठ्या लीगच्या मैदानावर त्याचें पाऊल कधीं पडलें नाहीं. अ‍ॅस्ट्रोजना बदली म्हणून २०१५ सालीं दुसरा क्रमांक मिळाला. त्यावर त्यांनीं अ‍ॅलेक्स ब्रेगमन निवडला, आणि दोनच वर्षांनीं तो जगज्जेत्या संघांत तिसऱ्या बेसवर उभा होता.

या प्रकरणांत वैद्यांचें निदान खोटें ठरलें नाहीं, संघानें नियम मोडला नाहीं, आणि मुलानें अवाजवी कांहीं मागितलें असेंही म्हणतां येत नाहीं. तरीही ज्याचा कशाशीं संबंध नव्हता त्याचें नुकसान झालें, आणि ज्यानें पेंच उभा केला त्या संघाला त्यांतूनच लाभ झाला. गरीब संघांना आधार मिळावा म्हणून हे निर्बंध घातले, असें मालक म्हणत आले. आणि कांहीं अंशीं तो आधार मिळालाही. पण १९३५ मधील एक डॉलर आणि २०१४ मधील लाखो डॉलर यांत एक गोष्ट समान राहिली. मोल ठरविणारा पक्ष जाणता, संघटित आणि धीर धरूं शकणारा. ज्याचें मोल ठरावयाचें तो कोंवळा आणि एकटा. हिशेबाच्या वहींत बेरीज-वजाबाकी बिनचूक जुळते. मात्र त्या वहीच्या एका ओळींत एका मुलाचें सबंध तारुण्य लिहिलेलें असतें, आणि वजा करतांना त्याला कोणी विचारीत नाहीं.