तळटीप : माळव्यातील कोजागरी

कोजागरी : आश्विन पौर्णिमेची रात्र. देवास आणि धार ही पवारांची संस्थाने होती; त्यामुळे माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून हा सण मराठी वळणानेच चालत आला. मराठी घरांत संध्याकाळपासून दूध आटवायला ठेवतात. साखर, वेलदोडे, जायफळ, केशर, चारोळी घातलेले पातेले गच्चीवर किंवा अंगणात नेतात. दुधात चंद्राचे प्रतिबिंब दिसले, लक्ष्मी व इंद्राला नैवेद्य झाला, की मगच पेले भरायचे. माळवी कुटुंबे त्याच रात्री शरद पौर्णिमा पाळतात. त्यांची तांदळाची खीर रात्रभर चांदण्यात राहते आणि सकाळी प्रसाद म्हणून वाटली जाते. या दोन रीती एकच समजू नयेत.

मराठी घरांत या दिवशी आश्विनीही असते. ज्येष्ठ अपत्याला, मग ते मुलगा असो वा मुलगी, पाटावर बसवून आई औक्षण करते व नवे कपडे देते. दुधाच्या गडबडीत हा सुरेख भाग हल्ली मागे पडतो, याची खंत वाटते.

चीनमध्ये आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला असाच चंद्रोत्सव असतो. दूरचे आप्त घरी परततात, चंद्राला फळे वाहतात, कंदील लावतात आणि सारण भरलेला गोल केक कापून सर्वांना वाटतात. हा सण बहुधा भाद्रपद पौर्णिमेला येतो. चिनी पंचांगात अधिक मास आल्याने २०२५ साली मात्र तो कोजागरीच्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला आला.