तीन गिगाहर्ट्झची गोष्ट

गेल्या आठवड्यात कल्याणहून माझ्या भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, कमी पैशांत गेमिंग पीसी बसवायचाय, प्रोसेसर कुठला घेऊ?" उत्तर दोन मिनिटांत देता आलं असतं. पण मला आठवली २००६ ची दिवाळी आणि डोंबिवलीतलं आमचं घर. म्हणून आजचा भाग इतिहासाचा. हेडफोन लावा. गाडी दिव्याच्या आधी सिग्नलला थांबली असेल तर वेळ आहेच तुमच्याकडे.

तेव्हा मी अकरावीत होतो. कॉम्प्युटरसाठी बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं. अभ्यासाला हवाय असं मी घरी सांगितलं होतं, डोक्यात होता 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड'. डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला उतरायचं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एक पेंटियम ४, ३ गिगाहर्ट्झ. दुसरा कोअर टू डुओ ई६३००, १.८६ गिगाहर्ट्झ आणि वर महाग. बाबा म्हणाले, "तीन म्हणजे तीन. कमी आकड्याला जास्त पैसे कशाला द्यायचे?" मीही मान हलवली. दुकानदार गप्प राहिला. जुना माल निघत होता ना त्याचा.

दिवाळीच्या पहाटे सगळी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर, आणि मी घरात गेम इन्स्टॉल करतोय. गेम सुरू झाला आणि गाडी अक्षरशः उड्या मारत चालायला लागली. अर्धा दोष ऑनबोर्ड ग्राफिक्सचा होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण उरलेला त्या 'तीन'चा.

ठाण्याचा माझा चुलतभाऊ, त्याला आम्ही दादाच म्हणतो, तो आला, त्याने कॅबिनेट उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्याने मला जे समजावलं ते आपल्या भाषेत सांगतो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात काम किती होतं, ते त्यात येत नाही. २००४ पासूनच्या पेंटियम ४ मध्ये प्रत्येक काम ३१ टप्प्यांतून जायचं. म्हणजे समजा पोळी-भाजी केंद्रात ३१ जणी रांगेत उभ्या. एक पीठ घेणार, एक पाणी घालणार, एक मळणार, असं पुढे. प्रत्येकीचं काम इवलंसं, म्हणून हात भराभर चालतात. पण मध्येच गिऱ्हाईक म्हणालं, "पोळी नको, भाकरी द्या," की आख्खी रांग रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात. आणि गेममध्ये गिऱ्हाईक सारखंच मन बदलतं. तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे प्रोसेसरला आधी कुठे माहीत असतं? त्याने अंदाज बांधायचा, चुकला की रांग रिकामी. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर टूमध्ये इंटेलने रांगच निम्म्यावर आणली. म्हणून १.८६ वाला तीनवाल्याला मागे टाकायचा, तेही ६५ वॅटमध्ये. आमचा ८० च्या वर. मेमध्ये तो डबा खोलीत अक्षरशः हीटर व्हायचा. त्यात तेव्हाचं लोडशेडिंग. यूपीएस किंचाळायचा आणि आई म्हणायची, "बंद कर तो आधी, फ्रिजला तरी वीज मिळू दे."

गंमत म्हणजे हा सापळा जुनाच होता. २००० च्या नोव्हेंबरात पहिला पेंटियम ४ आला, तेव्हाही काही कामांत १.४ गिगाहर्ट्झवाला त्याच्याच कंपनीच्या १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्या मागे पडायचा. एएमडीने तर वैतागून नावंच बदलली. ॲथलॉन एक्सपी १८००+ खरा चालायचा १.५३ गिगाहर्ट्झवर.

पण दादाचं आवडतं प्रकरण त्याही आधीचं, १९९८ चं. इंटेलने एप्रिलमध्ये स्वस्त सेलेरॉन काढला. पैसे वाचवायला त्यातली एल२ कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेला साठा, पूर्णच उडवली. गेम रडायला लागले. मग ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. यात १२८ केबी कॅश होती. पेंटियम २ मध्ये ५१२, पण ती अर्ध्या वेगाची. सेलेरॉनची छोटी, पण चिपमध्येच बसवलेली आणि पूर्ण वेगाची. बोर्डाची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की बऱ्याच चिपा ३०० ऐवजी ४५० वर बिनतक्रार चालायच्या. गेममध्ये कितीतरी महागड्या पेंटियम २ ४५० च्या तोडीस तोड! पुढे २००० मध्ये एएमडीचा ड्युरॉन आला. त्यावरचे काही बारीक पूल शिसपेन्सिलीने जोडले की बंद केलेला मल्टिप्लायर उघडायचा. शाळेतली पेन्सिल, बरं का.

दादाचा हिशेब असा, की स्वस्त प्रोसेसर हा बहुतेक वेळा महागाचाच सख्खा भाऊ असतो, त्याचं काहीतरी कापून विकलेला. किंमत नंतर. कापलंय काय, आणि ते आपल्याला लागतं का, हे आधी विचार.

आकड्यांचा मोह मात्र सुटत नाही. गिगाहर्ट्झ गेले, कोअर आले. २०११ मध्ये एएमडीने आठ कोअरचा एफएक्स आणला. दोन-दोन कोअर मिळून काही भाग वाटून घ्यायचे, आणि गेममध्ये इंटेलचे चार कोअर त्याला हरवायचे. अमेरिकेतले ग्राहक कोर्टात गेले. २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. माझ्यासारख्यांना तोपर्यंत सवय झाली होती.

मग २०१७ चा रायझन. त्याचं एएम४ सॉकेट इतकं टिकलं, की तेव्हाच्या कित्येक बी३५० बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. कर्ज फेडणाऱ्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. प्रोसेसर बदलताना बोर्ड वाचतो.

भाच्याने विचारलं, "५५०० स्वस्त आहे की मामा, त्यालाही सहाच कोअर!" आहेत ना. पण ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, ५५०० मध्ये १६. तोच १९९८ चा प्रश्न. फरक फारच असेल तर घे ५५०० आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, मी काही रागावणार नाही. इंटेलचा आय३ १२१००एफ पण बघ. कोअर चारच, पण दमदार. फक्त नावातला 'एफ' विसरू नकोस, त्यात ग्राफिक्स नसतं. कार्ड नंतर घेऊ म्हणालास तर स्क्रीन काळीच राहील.

रविवारी तो लॅमिंग्टन रोडला जाणार आहे. बाबा आता सत्तरीत आहेत, पण सोबत निघालेत. परवा फोनवर नातवाला विचारत होते, "कॅश किती आहे?" तो बिचारा गुगल पे उघडून बसला.

"पैसे नाही रे," बाबा म्हणाले, "प्रोसेसरमध्ये."