आवाजाची मिरास

१९३२ साली बहारीनमधील जबल दुखान टेकडीच्या पायथ्याशी तेल लागले; त्यापूर्वी त्या देशाचा संसार मुख्यतः मोत्यांच्या व्यापारावर चाले, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई असल्याने रुपया हेच तेथले चलन होते. उन्हाळ्याचे चार महिने समुद्रात राहणाऱ्या मोठ्या गलबतांवर नाखुदा, पाणबुडे आणि दोर ओढणारे यांच्याबरोबर ‘नह्हाम’ नावाचा एक गायक असे. वल्ही मारताना, शीड चढविताना आणि दिवसाचे श्रम संपल्यावर गाणे हेच त्याचे काम, आणि मोसमाच्या उत्पन्नात त्याला त्याबद्दल वाटा मिळे. कर्जाने पिचलेल्या त्या दर्यावर्दी समाजाने आवाजाला श्रमाची प्रतिष्ठा दिली, ही गोष्ट मला त्या बेटांच्या इतिहासात विशेष मोलाची वाटते.

‘फिजिरी’ नावाच्या या गायनप्रकारात नह्हामचा स्वर उंच चढत असताना बाकीचे खलाशी अत्यंत खर्जात घुमत राहतात. साथीला लहान ढोलकी, मातीचा घडा आणि टाळ्या असतात. तिघा मित्रांनी हे गाणे भूतयोनीकडून, गुप्त राखण्याच्या शपथेवर मिळविले, अशी आख्यायिका आहे. जमिनीवर परतल्यावर हीच मंडळी मुहर्रक शहरातील ‘दार’ नामक बैठकघरांत जमत, आणि मजलिशीत कॉफीबरोबर कथाकथन रात्री उशिरापर्यंत चाले. २०२१ मध्ये युनेस्कोने फिजिरीची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली.

पुढे ऐकण्याची ही साधी व्यवस्था पालटली. १९३७ मध्ये रीतसर चित्रपटगृह सुरू झाले, १९३९ मध्ये अब्दुल्ला अल् झायद यांनी वृत्तपत्र काढले, आणि १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटिशांनी नभोवाणी केंद्र उभारले. शत्रुपक्षाच्या अरबी प्रचाराला उत्तर देणे हा त्यामागील हेतू होता. युद्धाबरोबर ते संपले आणि १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाले. नभोवाणीने आवाज दूरवर नेला हे खरे, परंतु काय बोलावे याचा अधिकार मजलिशीतून उठून सरकारी दप्तरात गेला.

चित्रपटाविषयी बोलण्याची हौस मात्र दप्तराच्या बाहेर वाढली. १९८० मध्ये स्थापन झालेल्या बहारीन सिनेमा क्लबाभोवती रसिक जमले. बस्साम अल् थवादी यांनी १९९० मध्ये ‘अल् हाजिज’ हा देशाचा पहिला कथापट काढला, आणि २००६ च्या ‘हिकाया बहरैनिया’मध्ये १९६७ च्या अरब पराभवाची छाया एका कुटुंबावर पडलेली दाखविली.

२००४ च्या सुमारास पॉडकास्टची रीत रुजली आणि मनोरा, परवाना व कार्यालय यांवाचून कोणालाही आपला आवाज श्रोत्याच्या कानापर्यंत पोचविता येऊ लागला. स्वतंत्रपणे चित्रपटांवर बोलणारे पॉडकास्टकार मला म्हणूनच नभोवाणीपेक्षा मजलिशीचे वारस वाटतात. परंतु वारशाबरोबर जबाबदारीही येते. ज्याला पडदा दाखविता येत नाही, त्याला प्रसंग शब्दांनी उभा करावा लागतो. कोठे श्वास घ्यावा, कोठे थांबावे, सोबत्याला केव्हा बोलू द्यावे, हे ठरवावे लागते. दोघांनी एकमेकांच्या वाक्यांवर हसत राहणे म्हणजे चर्चा नव्हे. नह्हाम गाताना खलाशी आपल्या खर्जाने त्याचा स्वर तोलून धरीत, तो दुसऱ्याचे ऐकण्याचा संस्कार पॉडकास्टच्या कलेचाही पाया आहे, असे माझे मत आहे.

अशा ऐकण्याला आपल्या माणसांपासूनच आरंभ करता येईल. बहारीनची राजधानी मनामा येथे पिढ्यान्‌पिढ्या भारतीय राहत आले आहेत, आणि मराठी कुटुंबांचीही तेथे स्वतःची मंडळे आहेत. तेथे आयुष्य घालविलेल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले हिंदी चित्रपट, ती चित्रपटगृहे आणि तेथील अरबी शेजारी यांच्या आठवणी माझ्या माहितीप्रमाणे अजून कोणत्याही दप्तरात नाहीत. बहारीनमधील मराठी तरुणांनी ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन प्रथम त्यांच्यापाशी बसावे, त्यांना मध्ये न तोडता बोलू द्यावे, आणि ते कथन मराठीतच जतन करावे, एवढी विनंती आहे.